आवाज वाढवला की बेस कुठे जातो?

पत्र: "गाडी घेऊन वर्ष होत आलं. मागचा कॅमेरा, एसी, फोन सगळं कंपनीच्या स्क्रीनमध्येच असल्यामुळे स्टिरिओ बदलायचा प्रश्नच येत नाही. पण गाणी कोरडी वाटतात. ऐकू येतात, अंगी लागत नाहीत. मित्र म्हणतो, बारा इंची सबवूफरची ट्यूब टाक, खोक्यावर 1200 वॉट लिहिलंय. फिटर म्हणतो, मागच्या स्पीकरच्या वायरी कापून जोडतो, तासाभराचं काम आहे. बायको म्हणते, डिकीतली वीतभर जागाही देणार नाही. आणि मला भीती वॉरंटीची, शिवाय स्टिरिओ जळण्याची. सबवूफर बसवू का? बसवला तर कोणता?"
– डिकी गमावण्याच्या बेतात असलेला

उत्तर:

तुमच्या पत्रात तुम्ही धरून चार माणसं आहेत आणि त्यातलं सगळ्यात शहाणं बोलणं बायकोचं आहे. ते का, ते पुढे सांगतो. आधी तुमचं उत्तर: बसवा. कंपनीचा स्टिरिओ जागेवर ठेवून सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर (बेस) वाजवणारा वेगळा स्पीकर, जोडता येतो, नीट जोडला तर स्टिरिओला काही होत नाही, आणि गाण्यात फरक पडतो तो पहिल्या मिनिटात कळतो. फक्त तुम्ही सगळे मिळून वूफर किती इंची आणि किती वॉटचा यावर वाद घालताय. खरी मेख वूफरमध्ये नाही. स्टिरिओ त्या वूफरला जे पाठवणार आहे, त्यात आहे.

हे मी स्वतः तोंडघशी पडून शिकलो. माझ्या पहिल्या नव्या गाडीत मी हौसेनं दहा इंची सब बसवला. हळू आवाजात काय घुमायचा! पण आवाज वाढवत नेला की बेस मागे मागे सरकायचा आणि मोठ्या आवाजात सब आहे की नाही अशी शंका यायची. मी म्हटलं, अॅम्प्लिफायर खराब निघाला. दुकानदाराशी वाद घालून तो बदलून घेतला. दुसऱ्यानंही तेच केलं. तेव्हा कुठे मल्टिमीटर हातात घेतला आणि कळलं की अॅम्प बिचारा निर्दोष होता, बेस गाडीचा स्टिरिओच गिळत होता.

कारण सोपं आहे. दारातले स्पीकर साधारण साडेसहा इंची, हलक्या कागदी कोनचे. त्यांना खालचे सूर झेपत नाहीत, मोठ्या आवाजात तर ते फाटतात. म्हणून गाडी बनवणारे स्टिरिओतच अशी सोय करून ठेवतात की आवाज वाढला की खालचे सूर आपोआप कमी व्हावेत. उलट अगदी हळू आवाजात आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो, म्हणून तिथे तो थोडा वाढवून दिलेला असतो. त्यांच्या स्पीकरपुरता हा हिशोब चोख आहे. आपण मात्र त्याच वायरीवरून सबला सिग्नल देतो आणि मग सबलाही तोच कापलेला बेस मिळतो. तिथे तुम्ही बारा इंची लावा नाहीतर पंधरा इंची, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सगळ्याच गाड्या हे करत नाहीत, आणि करणाऱ्याही कमी-जास्त करतात. म्हणून काहीही विकत घेण्याआधी तपासा. फोनवर 50 हर्ट्झ आणि 1000 हर्ट्झ असे दोन साधे सूर घ्या. स्पीकरच्या दोन वायरींवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा आणि आवाजाची एकेक पायरी चढवत दोन्ही सुरांचे व्होल्ट कागदावर लिहीत जा. दोन्ही आकडे बरोबरीनं चढले तर तुम्ही नशीबवान. 1000 चा आकडा चढतोय आणि 50 चा एका पायरीनंतर अडून बसलाय, तर तुमचा स्टिरिओ बेस कापतो, आणि नेमका कुठून कापतो तेही त्या कागदावर आलं. सूर दोन-तीन सेकंदच वाजवा आणि आवाज तीन चतुर्थांशाच्या वर नेऊ नका, कारण शुद्ध सूर सलग वाजवला तर छोट्या स्पीकरची कॉइल तापते. हीच मोजणी पुढच्या आणि मागच्या दोन्ही जोड्यांवर करा. पुष्कळ गाड्यांत मागच्या स्पीकरना मुळातच कमी बेस दिलेला असतो, आणि तुमचा फिटर नेमका तिथूनच सिग्नल घ्यायला निघालाय. शिवाय मागून सिग्नल घेतला की एक गंमत होते. मागच्या सीटवर मूल झोपलं म्हणून तुम्ही फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटणारी सेटिंग) पुढे सरकवता आणि सबही झोपी जातो.

बेस कापला जातोय असं दिसलं तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे मध्ये डीएसपी बसवायचा. हा छोटा डबा स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घेतो, स्टिरिओनं केलेली कापाकापी बऱ्यापैकी भरून काढतो आणि मग अॅम्पला देतो. फक्त बेस परत उभा करणारे लहान प्रोसेसरही मिळतात. दुसरा मार्ग बिनखर्चाचा: तुम्ही रोज ज्या आवाजात ऐकता त्या आवाजालाच सब जुळवायचा आणि अॅम्पसोबत येणारा वायरवाला बेस नॉब हाताशी बसवायचा. आवाज वाढवला की नॉब थोडा फिरवायचा. रोजच्या ऐकण्यात स्क्रीनवरचा आवाज अर्ध्याच्या वर जात नसेल तर हा दुसरा मार्ग पुरतो, डीएसपी नंतर कधीही घालता येतो.

आता स्टिरिओ जळण्याची भीती. कंपनीच्या स्टिरिओला अॅम्पसाठी वेगळं आरसीए आउटपुट, म्हणजे नुसत्या सिग्नलचं सॉकेट, बहुधा नसतं, म्हणून सिग्नल स्पीकरच्या वायरींवरूनच घ्यावा लागतो. त्यात गैर काही नाही. आज बहुतेक अॅम्पना आणि जवळपास सगळ्या सीटखालच्या सबना हाय-लेव्हल इनपुट असतं, म्हणजे स्पीकरची वायर थेट जोडता येते. अॅम्पला ते नसेल तर मध्ये एलओसी नावाचा छोटा कन्व्हर्टर लागतो. हे इनपुट इतका नगण्य करंट घेतं की स्टिरिओला आपल्या मागे कोणी उभं आहे याचा पत्ताही लागत नाही. स्टिरिओ जळतो तो वेगळ्याच चुकीनं. गाडीच्या स्पीकरची निगेटिव्ह वायर म्हणजे अर्थ (अर्थिंग, गाडीची बॉडी) नव्हे. दोन्ही वायरींवर बॅटरीच्या साधारण निम्मे, म्हणजे सहाएक व्होल्ट सतत असतात आणि सूर त्या दोघींमधल्या फरकात असतो. कोणी "निगेटिव्हच आहे ना" म्हणून ती बॉडीला टेकवली की स्टिरिओच्या आतला अॅम्प गेलाच म्हणून समजा. फिटरला हा एकच प्रश्न विचारून बघा: स्पीकरची निगेटिव्ह बॉडीला लावली तर चालेल का? "चालेल" म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

आणि वायरी कापायच्या नाहीत. तुमच्या गाडीच्या कपलरला जुळणारा टी-हार्नेस मिळतो. तो स्टिरिओच्या मागे मधल्यामध्ये बसतो, मूळ वायरीला ब्लेड लागत नाही, आणि काढला की गाडी होती तशी. वॉरंटीच्या वादात हीच गोष्ट तुमच्या बाजूनं उभी राहते. तरी सर्व्हिस सेंटरला आधी विचारून उत्तर लेखी घ्या, तोंडी "काही होत नाही" ऐनवेळी उपयोगाला येत नाही. तुमच्या गाडीत कंपनीचाच वेगळा अॅम्प असेल, म्हणजे आठ-दहा स्पीकरवाली महागडी सिस्टिम असेल, तर स्टिरिओपासून त्या अॅम्पपर्यंत सिग्नल डिजिटल असू शकतो. मग सिग्नल अॅम्पच्या पुढे, स्पीकरकडे जाणाऱ्या वायरींवरूनच घ्यावा लागतो, आणि तोही पुढच्या दारातल्या वूफरचा. ट्वीटरच्या, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरच्या, वायरीत बेस शोधत बसू नका.

अजून एक भानगड काही नव्या गाड्यांत असते. इंजिनाची घरघर दाबण्यासाठी छतात मायक्रोफोन असतात आणि स्पीकरमधून उलटा सूर सोडला जातो. सब बसवल्यावर एखाद्या ठरावीक वेगाला गाणं बंद असतानाही हुंकार ऐकू येऊ लागला, तर भूत नाही, ती यंत्रणा तुमच्या सबवरून वाजतेय. ती बंद करता येते की नाही हे गाडीवर अवलंबून आहे, म्हणून बसवण्याआधीच मॅन्युअलमध्ये ती आहे का ते बघून ठेवा.

आता मित्राचे 1200 वॉट. खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवा आणि अॅम्पच्या कडेला लावलेला फ्यूज बघा. समजा 30 अँपिअरचा आहे. गाडी चालू असताना साधारण 13.8 व्होल्ट मिळतात, म्हणजे आत जाणारी वीज 414 वॉट. चांगला, कमी वीज वाया घालवणारा (क्लास-डी) अॅम्प त्यातले 80 टक्के स्पीकरला पोचवतो असं धरलं तरी हाती येतात 330. उरलेले 870 वॉट छपाईचे. खरा, म्हणजे सलग देता येणाऱ्या वॉटचा आकडा आरएमएस या शब्दापुढे लिहिलेला असतो, तेवढाच वाचा. आणि त्या आकड्याचीही फार भूल पडू देऊ नका. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. 150 वॉट आणि 300 वॉट यांच्यात ऐकण्यापेक्षा बोलण्यातच फरक जास्त.

उलट गाडीची बंद केबिन आपल्याला फुकट मदत करते. 50 हर्ट्झच्या सुराची लांबी जवळपास सात मीटर, म्हणजे तुमच्या केबिनपेक्षा कितीतरी जास्त. इतके लांब सूर बंद जागेत मोकळे पसरत नाहीत, ते आतली हवाच दाबतात आणि सोडतात. म्हणून सूर जितका खाली, तितका तो गाडीत आपोआप उचलला जातो. घरातल्या हॉलमध्ये मरतुकडा वाटणारा आठ इंची वूफर गाडीत गुटगुटीत वाटतो, तो यामुळे.

म्हणून बायकोचं बरोबर. तुम्हाला हवाय तो गाण्यातला तळ. डग्ग्याची घुमक, ड्रमची छातीत बसणारी थाप, बेस गिटारची सगळ्यात खालची तार. ती तार 41 हर्ट्झला वाजते आणि चांगला सीटखालचा आठ इंची सब तिथपर्यंत कसाबसा का होईना, पोचतो. त्यात अॅम्प आतच असतो, उंची चार बोटं, डिकी जशीच्या तशी. चौकातल्या सिग्नलला शेजारची गाडी हादरवणारा बेस त्यातून येणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. तो हवा असेल तर बायकोशी वाटाघाटी तुम्हीच करा.

ट्यूबबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते मी लपवणार नाही. ती बहुधा पोर्ट, म्हणजे हवा आत-बाहेर करणारं भोक, असलेली असते. पोर्टेड बॉक्स ज्या सुराला जुळवलेला असतो तिथे जोरात वाजतो, पण त्याच्या खाली गेला की कोनवरचा हवेचा लगाम सुटतो आणि तो नुसताच फडफडतो. नीट मोजून बांधलेला पोर्टेड बॉक्स सुंदर वाजतो, मी ऐकलेत. तयार स्वस्त ट्यूबमध्ये ते मोजमाप क्वचित असतं, मग प्रत्येक गाण्यात एकच सूर "धुम्म" करत राहतो. डिकीत जागा देणार असाल तर दहा इंची वूफर आणि वीसेक लिटरचा बंद बॉक्स घ्या. त्याचा बेस खाली जाताना हळूहळू उतरतो आणि केबिनची मदत त्याच उताराला भरून काढते, म्हणून बंद बॉक्स गाडीला मानवतो. अशा वेळी बॉक्स पट्ट्यांनी जखडून ठेवा. जोरात ब्रेक लागला की मोकळा बॉक्स आधी मागच्या सीटवर येतो.

फिटिंगला तास नाही, अर्धा दिवस धरा. त्यातला बहुतेक वेळ पॉवरच्या वायरीत जातो आणि जायलाच हवा. पॉवर थेट बॅटरीवरून आणायची, सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून नाही. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडायची. फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत, 45 सेंटिमीटरपेक्षा लांब नाही. तो फ्यूज अॅम्पसाठी नसतो, वायरीसाठी असतो. इंजिनजवळ पत्र्याला घासून वायर सोलली गेली तर आग लागण्याआधी तोच वितळतो. अॅम्पपाशी फ्यूज आहेच म्हणून पुढचा वगळणारा फिटर भेटला तर मीटर-मीटरभर उघडी आग घेऊन फिरताय असं समजा. दीडशे वॉटच्या सबला 20 अँपिअरचा फ्यूज आणि 8 चौरस मिलिमीटरची वायर भरपूर झाली. वायर शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर दिसायला तीच, पण तिचा विरोध जास्त. घेतलीत तर एक माप जाड घ्या. पत्र्यातून वायर आत आणताना भोकाच्या कडेला रबरी कडं (ग्रोमेट) हवंच.

अर्थ जवळचाच द्या, रंग खरवडून पांढरा पत्रा उघडा करून, पॉवरच्या जाडीच्याच वायरीनं. सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी कधीही सोडू नका. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल तर अर्थ थेट त्या टर्मिनलला नेऊ नका, बॉडीलाच द्या. नाहीतर सेन्सरला तुमच्या सबचा करंट दिसतच नाही आणि बॅटरीचा हिशोब चुकतो. पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूनं आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूनं न्या. अर्थ ढिला असला किंवा या दोघी गळ्यात गळे घालून गेल्या की एक्सलरेटरबरोबर चढणारी बारीक शिट्टी स्पीकरमधून येते.

पिवळ्या कपलरना आणि पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना हात लावायचा नाही, ती एअरबॅगची लाइन. सीटखाली ती हमखास असते, म्हणून सीट उचलायची असेल तर हे काम जाणकाराकडेच द्या. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलपासून चार हात लांब. सब तिथेही 12 व्होल्टच्या बॅटरीवरच चालतो.

सब चालू-बंद कसा होणार हाही प्रश्न आधी सोडवा. कंपनीच्या स्टिरिओला अॅम्पला चालू-बंदचा इशारा देणारी रिमोट वायर सहसा मिळत नाही. पुष्कळ सब स्पीकरच्या वायरीवरचे ते सहा व्होल्ट ओळखून आपोआप जागे होतात, तसा घेतलात तर उत्तम. नाहीतर किल्लीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवर टॅप लावून वायर काढा. कायम चालू असलेल्या वायरीवर जोडलात तर एखाद्या सकाळी गाडी ढकलावी लागेल.

जुळवणी शांतपणे, ड्रायव्हरच्या सीटवर बसून करा. स्टिरिओचा बेस-ट्रेबल मध्यावर. सबवरचा बेस बूस्ट शून्यावर, आणि तो तिथेच राहू द्या. 6 डेसिबल बूस्ट म्हणजे त्या सुराला चौपट वॉट, आणि तेवढे तुमच्या अॅम्पकडे नाहीत. लो-पास, म्हणजे ज्याच्या वरचे सूर सबनं सोडून द्यायचे ती मर्यादा, 80 हर्ट्झच्या आसपास. त्याच्या खाली सूर कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही, म्हणून सीटखालचा बेसही समोरून आल्यासारखा वाटतो. मग ओळखीचं गाणं लावून कोणालातरी फेजचा, म्हणजे सबचा सूर उलटा-सुलटा करणारा, स्विच उलटसुलट करायला सांगा, ज्या बाजूला बेस भरीव वाटेल ती ठेवा. गेन सगळ्यात शेवटी. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, स्टिरिओच्या सिग्नलशी अॅम्पची उंची जुळवायची ती चावी. सब वाजतोय हे वेगळं जाणवलं की एक केस मागे घ्या. बरोबर जुळला की सब ऐकूच येत नाही. बंद केला तरच कळतं काय गेलं ते.

पहिल्या दिवशी गाडीतलं काहीतरी खुळखुळणार. नंबर प्लेट, मागचा शेल्फ, दाराचं पॅनेल. 20 ते 100 हर्ट्झ हळूहळू चढणारा सूर लावून एकानं आत आणि एकानं बाहेर कान लावायचा, जिथे खुळखुळ तिथे फोमची टेप. हाताशी थोडे पैसे उरले तर ते पुढच्या दोन दारांच्या आतल्या पत्र्यावर थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट लावण्यात घाला. दाराची भोकं बंद झाली की कंपनीच्याच स्पीकरमधून न ऐकलेला बेस येतो, आणि काहींचं समाधान तिथेच होतं. खरं तर घाई नसेल तर दारांपासूनच सुरुवात करा.

आता सीटखालची जागा मोजायची ती अशी: सीट आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे, आणि दोन्ही वेळा वर कोणीतरी बसलेलं असताना. रिकाम्या सीटखाली बसलेला सब माणूस बसल्यावर स्प्रिंगला घासतो. मागच्या प्रवाशांच्या पायांशी हवा सोडणारी नळी तिथून जात असेल तर तीही मोजा, नाहीतर सबही तापेल आणि मागचेही. सीट उंचीला खालीवर होणारी असेल तर ती सगळ्यात खाली आणून मोजायची. वर बसायला बायकोलाच बोलवा, म्हणजे डिकी वाचतेय हेही तिला तिथेच दाखवता येईल.